विकत घेतलेला गेम नक्की कुणाचा, आणि तो टिकवायचा कसा?

प्रश्न असा आहे: "बरीच वर्षं मी गेम डिजिटलच घेतो. लायब्ररीत आता शेकडो गेम जमलेत. शिवाय कपाटात जुन्या सीडी आणि काही कार्ट्रिज आहेत. उद्या दुकान बंद पडलं किंवा कंपनीने सर्व्हर बंद केले, तर माझ्याकडे काय उरेल? डिस्कवरचे गेम तरी सुरक्षित आहेत ना? आणि हे सगळं पुढे मुलीला द्यायचं असेल तर आत्तापासून काय करावं?"

जुन्या माध्यमांवरून गेम उतरवून घेणं आणि ते चालू स्थितीत ठेवणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे तिन्ही प्रश्नांना जरा सविस्तर उत्तर देतो.

कायद्याने काय तुमचं आहे हे आधी निकालात काढू, कारण त्याचं उत्तर छोटं आहे आणि फारसं सुखाचं नाही. डिजिटल दुकानात पैसे भरल्यावर तुम्हाला मिळतो तो गेम वापरण्याचा परवाना. तो तुमच्या अकाउंटला जोडलेला असतो, आणि अकाउंट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या करारात हे स्पष्ट लिहिलेलं आहे आणि बाकीच्यांच्या करारात फार वेगळं काही नाही. कॅलिफोर्नियाने याबाबत केलेला कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. तुम्ही घेताय तो परवाना आहे, हे ग्राहकाला ठळकपणे सांगितल्याशिवाय तिथे डिजिटल वस्तू "विकत घ्या" म्हणून विकता येत नाही. स्टीमने त्याआधीच, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना टाकली. ग्राहकाला खरं काय ते कळलं हे चांगलंच झालं, पण त्याच्या हक्कात त्याने काही भर पडली नाही.

वापरलेला डिजिटल गेम पुढे विकता यावा यासाठी युरोपात बराच प्रयत्न झाला. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरचा कायमचा परवाना पुढे विकता येतो असा निकाल दिला होता. त्याचा आधार घेऊन एका फ्रेंच ग्राहक संघटनेने स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्ह हिला कोर्टात खेचलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयात संघटना जिंकली, २०२२ मध्ये अपिलात हरली. गेम म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नाही, त्यात चित्रं, संगीत, कथा आहे, म्हणून सॉफ्टवेअरचा नियम त्याला लागत नाही, असं अपील न्यायालयाचं म्हणणं पडलं. त्यामुळे छापील डिस्क विकता येते, उसनी देता येते, वारसाला ठेवता येते. तोच गेम डाउनलोड केला असेल तर यातलं काहीही करता येत नाही.

पण इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं ठाम मत झालंय की करारातल्या भाषेपेक्षा एक साधी चाचणी जास्त खरं सांगते. हा गेम सुरू होण्यासाठी कुणाची परवानगी घ्यावी लागते का? लागत असेल तर तो त्या परवानगी देणाऱ्याच्या मर्जीवर आहे, मग तुमच्या हातात डिस्क असो वा नसो. लागत नसेल तर तो टिकवता येतो. जतनाची सगळी कामं शेवटी या एका गोष्टीवर येऊन थांबतात.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे युबीसॉफ्टचा द क्रू. २०१४ च्या डिसेंबरमध्ये आलेला हा गाड्यांचा गेम. अमेरिकेचा आटोपशीर नकाशा, त्यात मनसोक्त भटकायचं. एकट्याने खेळण्यासारखी कथाही होती. पण एकट्याने खेळतानाही तो सतत कंपनीच्या सर्व्हरशी बोलत राहायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि गेम सगळीकडे एकाच वेळी मेला. डिस्कवाल्यांचाही मेला, कारण डिस्कवर गेमचा अर्धाच भाग होता. उरलेला कंपनीच्या मशीनवर चालत होता. पुढे तर कित्येकांच्या लायब्ररीतून त्याचा परवानाच काढून घेतला गेला. पूर्ण पैसे मोजून घेतलेली वस्तू विकणारा नंतर दुरून निकामी करतो, ही गोष्ट मला आजही पटत नाही.

यावरूनच रॉस स्कॉट या यूट्यूबरने २०२४ च्या एप्रिलमध्ये "स्टॉप किलिंग गेम्स" ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघात नागरिकांना कायद्याची मागणी थेट मांडता येते. त्या मार्गाने दाखल झालेल्या अर्जाने २०२५ च्या जुलैमध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. या मोहिमेबद्दल गैरसमज बरेच आहेत, म्हणून नीट सांगतो. सर्व्हर कायम चालू ठेवा अशी मागणी नाही. पाठिंबा थांबवायचा तेव्हा गेम खेळण्याजोग्या अवस्थेत सोडून जा, एवढंच म्हणणं आहे. म्हणजे ऑफलाइन मोड द्या, किंवा खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर उभारता येईल अशी सोय करा. कंपन्यांच्या संघटनेचा आक्षेप असा की खासगी सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीची सुरक्षा आणि आक्षेपार्ह मजकुराची जबाबदारी कुणाची, आणि कित्येक गेमची रचनाच ऑनलाइनसाठी असते. शेवटचा मुद्दा जुन्या गेमना खरोखर लागू आहे. डझनभर अंतर्गत सेवांवर विसंबून असलेला सर्व्हर उचलून लोकांच्या हातात देणं सोपं नसतं, त्यात इतरांकडून परवान्यावर घेतलेला कोडही असतो. पण उद्या बनणाऱ्या गेमला हे कारण चालणार नाही. शेवट कसा करायचा हे पहिल्या आराखड्यातच ठरवलं तर खर्च फार येत नाही. खुद्द युबीसॉफ्टने द क्रू २ साठी ऑफलाइन मोड आणण्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं आणि २०२५ मध्ये तो दिलाही. म्हणजे मनावर घेतलं की जमतं.

निदान पैसे तरी परत करावेत, हेही काहींनी केलं आहे. गूगलने स्टेडिया ही इंटरनेटवरून गेम चालवण्याची सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद करताना गेमचे पैसे परत दिले. सोनीने काँकॉर्ड हा गेम २०२४ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांत मागे घेतला तेव्हाही दिले. ग्राहक म्हणून हे योग्यच झालं. जतन करणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर मात्र गेम गेला तो गेलाच. उलट सिटी ऑफ हीरोज हा ऑनलाइन गेम बघा. तो २०१२ मध्ये बंद झाला, चाहत्यांनी स्वतःचे सर्व्हर चालवले, आणि २०२४ च्या जानेवारीत मूळ कंपनी एनसीसॉफ्टने त्यातल्या होमकमिंग या गटाला अधिकृत परवाना दिला. आकाश काही कोसळलं नाही.

आता कपाटातल्या सीडींकडे. इथे तुमची समजूत थोडी मोडावी लागेल.

२००० च्या आसपासच्या पीसी गेमच्या अनेक डिस्कवर सेफडिस्क नावाचं संरक्षण असायचं. डिस्क अस्सल आहे का हे तपासायला ते विंडोजमध्ये स्वतःचा एक ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, बसवायचं. त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची भोकं निघाली. विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने तो ठेवलाच नाही, आणि २०१५ च्याच एका अपडेटने जुन्या विंडोजवरही बंद केला. परिणाम काय, तर डिस्क एकही ओरखडा नसलेली, ड्राइव्ह ठणठणीत, इन्स्टॉल सुरळीत, आणि गेमवर क्लिक केलं की काहीच होत नाही. डिस्क खराब झाली असं समजून लोक ती टाकून देतात. कृपया टाकू नका. डिस्क चांगली आहे, तिला परवानगी देणारा तेवढा नाहीसा झालाय.

कन्सोलचंही तसंच. प्लेस्टेशन ४ च्या आत घड्याळासाठी एक छोटी बॅटरी असते. ती संपली आणि कन्सोलला सोनीच्या सर्व्हरवरून वेळ जुळवता आली नाही, तर गेम सुरूच होत नव्हते, कारण ट्रॉफीच्या नोंदी वेळेवर अवलंबून होत्या. जतन करणाऱ्यांनी २०२१ मध्ये यावर आवाज उठवला आणि त्याच वर्षी सोनीने अपडेट देऊन ते दुरुस्त केलं. ते अपडेट न घेतलेला कन्सोल मात्र अजूनही त्याच स्थितीत आहे, म्हणून तुमच्याकडे प्लेस्टेशन ४ असेल तर आधी त्याचं अपडेट तपासा. शिवाय नव्या काळातल्या डिस्कवर पूर्ण गेम असेलच असं नाही. २०१५ च्या टोनी हॉक्स प्रो स्केटर ५ चा पहिल्या दिवशीचा पॅच (दुरुस्तीचं डाउनलोड) डिस्कवरच्या गेमपेक्षा मोठा होता. पॅचशिवाय सराव आणि पार्क बनवण्यापलीकडे फारसं काही हाती लागत नव्हतं. निन्टेन्डो स्विच २ साठी "गेम-की कार्ड" आलीत. त्यात गेम नसतो, तो डाउनलोड करायची किल्ली असते. कार्ड विकता येतं, उसनं देता येतं, पण डाउनलोडचे सर्व्हर बंद झाले की ते प्लास्टिकचा तुकडा. डब्यावर तसं लिहिलेलं असतं, घेताना वाचत चला.

कार्ट्रिज त्या मानाने दणकट. जुन्या कार्ट्रिजमधला गेम कारखान्यातच चिपमध्ये कोरलेला असतो, तो सहसा पुसला जात नाही. पुसलं जातं ते सेव्ह. गेम बॉयच्या बहुतेक कार्ट्रिजमध्ये सेव्हची मेमरी एका नाण्याएवढ्या बॅटरीवर तग धरून असते. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये तीच बॅटरी घड्याळही चालवते, त्यामुळे ती लवकर बसते. रुबी आणि सफायरमध्ये सेव्ह फ्लॅश मेमरीत असतं, तिथे बॅटरी गेली तर फक्त घड्याळ थांबतं. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी कार्ट्रिज रीडर लावून सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवायचं, मगच बॅटरीला हात लावायचा. बॅटरी काढताक्षणी सेव्ह गेलं. ती डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेली असते, चिकटपट्टीने नवी बसवायच्या फंदात पडू नका.

सीडीची प्रत घेताना होणारी एक चूक इतक्या वेळा पाहिली आहे की ती तपशिलात सांगतो. लोक उजवं बटण दाबतात, आयएसओ (डिस्कची एका फाइलमधली प्रत) बनवतात आणि निर्धास्त होतात. नव्वदच्या दशकातल्या अनेक गेमचं संगीत डिस्कवर फाइल म्हणून नसतं, साध्या ऑडिओ सीडीसारखं वेगळ्या ट्रॅकवर असतं. १९९६ चा क्वेक तसाच आहे: पहिला ट्रॅक गेमचा, पुढचे सगळे संगीताचे. आयएसओमध्ये फक्त पहिला ट्रॅक येतो. गेम उघडतो, खेळता येतो, पण संगीत गायब. आणि हे लक्षात येईपर्यंत मूळ डिस्क कुणाला तरी देऊन टाकलेली असते. सीडीवरची माहिती सेक्टर नावाच्या तुकड्यांत असते, एका सेक्टरमध्ये २३५२ बाइट असतात, आयएसओ त्यातले फक्त २०४८ उचलतं. म्हणून प्रत नेहमी पूर्ण सेक्टरची, बिन आणि क्यू या फाइलींच्या जोडीने घ्यायची. युरोपातल्या काही प्लेस्टेशन गेमचं संरक्षण तर सबचॅनेल नावाच्या आणखी एका थरात दडलेलं असतं, तोही वेगळा उतरवावा लागतो.

प्रत झाली की तिचा चेकसम (फाइलीतल्या माहितीवरून काढलेला ओळख-आकडा) काढा आणि रीडंप या संकेतस्थळावरच्या यादीशी ताडून पाहा. जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या डिस्क वाचून ही यादी बांधली आहे. जुळलं तर तुमची प्रत बिनचूक. नाही जुळलं तर डिस्क मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही, आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये पुन्हा वाचा. एका ड्राइव्हला न जमलेलं दुसऱ्याला सहज जमतं. आणखी एक: सीडी उलटी ठेवताना आपण खालची बाजू जपतो, पण माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो. खालचा ओरखडा घासून काढता येतो. वरचा गेला की माहितीच गेली. त्या बाजूवर बॉलपेनने लिहू नका, स्टिकर लावू नका. घरी बर्न केलेल्या सीडी असतील तर त्या सगळ्यात आधी उतरवा, त्यांतला रंगाचा थर छापील डिस्कपेक्षा कितीतरी लवकर बिघडतो.

डिजिटल दुकानांचं काय? गेम विक्रीतून काढणं आणि दुकान बंद करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रीतून काढला तरी घेतलेल्यांना तो बहुधा पुन्हा डाउनलोड करता येतो. ॲलन वेक २०१७ मध्ये गाण्यांच्या परवान्याची मुदत संपल्यामुळे दुकानातून गेला आणि पुढच्या वर्षी परवाना नव्याने मिळाल्यावर परत आला. निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या कन्सोलची दुकानं मार्च २०२३ मध्ये बंद केली. नवीन काही घेता येत नाही, आधी घेतलेलं डाउनलोड करता येतं, मात्र हे कायम चालेल असं वचन कुणी दिलेलं नाही. कोनामीच्या पी.टी. या टीझरला तर तेवढीही सवलत मिळाली नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये आला, २०१५ च्या एप्रिलअखेर काढला, आणि नंतर पुन्हा डाउनलोडही बंद. ज्यांच्या कन्सोलच्या हार्ड डिस्कवर तो होता, त्यांच्यापाशीच राहिला.

या सगळ्याचा एकत्रित आकडा २०२३ मध्ये समोर आला. अमेरिकेच्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने केलेल्या पाहणीत दिसलं की २०१० पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. मग ते बघायचे कुठे? अमेरिकेत रॉचेस्टरच्या स्ट्राँग म्युझियमसारख्या संस्थेत प्रत्यक्ष जाऊन. बाकीचं जुनं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या ग्रंथालयांना अभ्यासकाला दुरून दाखवता येतं. गेमसाठी तीच सवलत मागितली तेव्हा लोक अभ्यासाच्या नावाखाली मजेसाठी खेळतील या भीतीने कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये ती नाकारली. गेमचा अभ्यास करायचा तर तो खेळावाच लागतो. कंपनीला जो विकायचाच नाही, तो कुणी दूर बसून खेळला तर कुणाचं काय बुडालं, याचं समाधानकारक उत्तर मला त्या निर्णयात सापडलं नाही.

म्हणून आजवरचं बरंचसं जतन हौशी लोकांनी केलं आहे. आर्केड मशीनचे गेम टिकवणारा मेम (MAME) हा प्रोग्राम १९९७ पासून चालू आहे, जुने साहसी गेम नव्या मशीनवर चालवणारा स्कमव्हीएम २००१ पासून. १९९७ च्या ब्लेड रनर गेमचा मूळ सोर्स कोड हरवला होता. स्कमव्हीएमच्या मंडळींनी चालणाऱ्या गेमवरून उलटा अभ्यास करत त्याचं इंजिन पुन्हा लिहिलं, आणि त्याच कामाच्या जोरावर २०१९ मध्ये तो अधिकृतपणे पुन्हा विक्रीला आला. इम्युलेटर, म्हणजे एका मशीनची दुसऱ्यावर नक्कल करणारं सॉफ्टवेअर, म्हटलं की चोरी, असा अनेकांचा समज असतो. अमेरिकेत २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात इम्युलेटर बनवण्यासाठी कन्सोलच्या सॉफ्टवेअरचा उलटा अभ्यास करणं वैध ठरलं. अडचण येते ती संरक्षण तोडण्यात. युझू या स्विच इम्युलेटरवर निन्टेन्डोने तोच आरोप केला आणि २०२४ मध्ये २४ लाख डॉलरवर तडजोड झाली. स्वतःच्या डिस्कची प्रत घेण्याबाबतही प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. तुमच्याकडे काय चालतं ते बघून घ्या.

आता तुम्ही करायचं काय ते. लायब्ररीतले सगळे गेम वाचवायला जाऊ नका, दमाल. मुलीच्या हातात पडावेत असे वाटणारे वीस-पंचवीस निवडा. नेट बंद करा, दुकानाचं सॉफ्टवेअर बंद करा आणि प्रत्येक गेम थेट त्याच्या फोल्डरमधून उघडून बघा. स्टीमवरचेही काही गेम असे उघडतात. ते फोल्डर तसंच्या तसं जपून ठेवता येतं. जे उघडत नाहीत त्यांतले जीओजी किंवा इच या ऑनलाइन दुकानांत बिनकुलपाचे (सुरू होताना कुणाची परवानगी न मागणारे) मिळत असतील तर माझा सल्ला आहे की सवलतीत पुन्हा घ्या आणि ऑफलाइन इन्स्टॉलर लगेच उतरवून ठेवा. "तिथे आहेच की" म्हणून सोडलं तर फरक काहीच पडला नाही.

प्रती तीन ठेवा: दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. वर्षानुवर्षं बंद ठेवायची असेल तर एसएसडीवर विसंबू नका, वीज न मिळाल्यास त्यातला भार हळूहळू गळतो. साधी हार्ड डिस्क बरी, तीही वर्षातून एकदा लावून चेकसम तपासायची. गेमसोबत पॅच, सेव्ह, नियमपुस्तिकेचे स्कॅन आणि सीडी की ठेवा. जुन्या गेममध्ये पुस्तिकेतला शब्द विचारल्याशिवाय पुढे जाऊ न देणारेही होते. प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल असू द्या: कोणती आवृत्ती, कोणत्या विंडोजवर चालली, काय काय बदलावं लागलं. हे लिहिणं सगळ्यात कंटाळवाणं वाटतं, पण दुसऱ्याचा संग्रह हातात आला की मी आधी तीच फाइल शोधतो.

अकाउंट मात्र करारानुसार मुलीच्या नावावर होणार नाही. एका घरातल्यांसाठी स्टीमची फॅमिली सोय आहे, ती आत्ताच लावून घ्या. तुम्ही हयात असेपर्यंत ती तुमचे बरेचसे गेम स्वतःच्या अकाउंटवरून खेळू शकेल. त्यापुढचं तिच्याकडे जाईल ते त्या हार्ड डिस्कवरचं, कार्ट्रिजमधलं आणि ज्या डिस्कचा चेकसम जुळला आहे त्यांवरचं.